मुऱ्हाळ्याचं तिकीट

मुरबे,
२९ जून, रविवार

प्रिय मेघाताई,

हेमीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे तू, कमलाकांत भावजी आणि तुझ्या सासूबाई बरे असाल. आईचा गुडघा पावसात थोडा कुरकुरतो, पण चालतं. बाबा ठीक आहेत. बोट वर ओढून शाकारून ठेवली आहे. नारळी पुनवेपर्यंत तिला काम नाही, म्हणून बाबांनाही नाही. दिवसभर जाळ्याची भोकं सांधत बसतात. आई म्हणते, जिथं भोक नाही तिथंही सांधतात.

फोन सोडून कागदावर का लिहितेय म्हणशील. आपल्या घरात फोनवर एक शब्द बोलला की तो आई, बाबा आणि भिंतीपलीकडची सुगंधाआत्या असा तिघांना ऐकू जातो. म्हणून लिहून पानांचे फोटो पाठवते. वाचून झालं की दोन शब्द टाकत जा. नुसत्या निळ्या खुणांवरून मला काही कळत नाही.

आता मुद्द्याचं. तू आईला सांगितलंस, न्यायला कोणी आलं तर येईन, आपण होऊन उंबरा चढणार नाही. ते मला पटलं. पहिलं बाळंतपण माहेरी आणि त्यासाठी मुलीला आणायला माहेरचा मुऱ्हाळी जाणार, ही आपली रीत आहे. सुगंधाआत्याला बेटेगावहून आणायला दोन मुऱ्हाळी गेले होते, ते ती अजून सांगते. आपल्याला भाऊ नाही. म्हणून मुऱ्हाळी मी.

आत्या म्हणाली, "पोरगी कवा मुऱ्हाळी झाली का?"

मी म्हटलं, "आत्ये, घरात कोणी पदवीधर पण कधी झालं नव्हतं."

"तेचा काय संबंध?"

संबंध मलाही नीट सांगता आला नाही. पण मी येणार हे ठरलं.

दोन रात्रींची रेल्वे तुझ्या डॉक्टरबाईंनी नको म्हटलंय, म्हणजे विमानच. आणि त्या पंधरा जुलैनंतर प्रवासाचा कागदही देणार नाहीत. तेव्हा त्याच्या आत तू इथं पोचायला हवीस. गेला आठवडाभर दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी भाड्यांची तुलना करत बसते. मालक हितेशभाई म्हणतात, "हेमांगी, तू विमान विकत घेतेस की तिकीट?"

गंमत बघ. दोन वर्षं मी बोईसरला बसून एमआयडीसीतल्या पोरांची पाटण्याची, गुवाहाटीची, भुवनेश्वरची तिकिटं काढते, आणि स्वतः विमानतळाच्या दारापर्यंतही गेलेली नाही. कुठली जागा पंखावर येते, कुठल्या रांगेतली पाठ मागे जात नाही, हे मला झोपेत विचार. पण विमानात वास कसला येतो ते मला माहीत नाही.

तुमच्या भुवनेश्वरला तीन कंपन्या सोयीच्या वेळेला थेट जातात. आईला नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी तिला मासळीत सांगितलं. एक बोंबील, एक सुरमई, एक पापलेट.

बोंबील पडद्यावर सगळ्यांत स्वस्त. पण बोंबील टोपलीत ढीगभर दिसतो आणि तव्यावर पाणी सुटलं की मूठभर उरतो, तसं तिचं स्वस्तपण आहे. जागा निवडली की पैसे, खाणं घेतलं की पैसे, घरून चेक-इन करायला विसरलं आणि काउंटरवर पास मागितला तरी पैसे. आई ऐकत होती. म्हणाली, "बसायचे पैसे येगळे? मग पयले घेतले ते कसले, उभं ऱ्हायचे?" ताई, हा प्रश्न मी हितेशभाईंना विचारला तेव्हा ते पाच मिनिटं हसले आणि मग म्हणाले, गिऱ्हाईकांसमोर विचारू नकोस.

पण मी गिऱ्हाईकांना सांगतेच. परवा एक ओडिशाचा मुलगा आला होता, भावजींसारखाच वेल्डर. फॉर्मवर विमा, जागा, जेवण अशा सगळ्या खुणा आधीच केलेल्या असतात. मी एकेक काढून टाकल्या आणि कुठली कशाची ते त्याला दाखवलं. तो गेल्यावर हितेशभाई म्हणाले, "तू गिऱ्हाईकाची बाजू घे, आणि पगार पण त्याच्याकडूनच घे." मनाने वाईट नाहीत ते. पण मला वाटतं, माणूस पहिल्यांदा विमानात बसणार असेल तर त्याला नियम कळलेच पाहिजेत. नाहीतर आपण शिकलो कशाला?

सुरमई जराशी महाग. तिची जागा फुकट, पण सगळ्यांत मागची. काउंटर फार लवकर बंद करतात, आणि मुरब्याहून पावसात निघालेल्या माणसाने एवढा भरवसा कशावर ठेवायचा? पापलेट सगळ्यांत महाग. पंचवीस किलोची बॅग, खाणं, जागा सगळं त्यात आलं. शिवाय विमान सुटायच्या तीन तास आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत.

सुक्या मासळीचंही पाहिलं. आई तुझ्या सासूबाईंसाठी बोंबील आणि जवळा देणार आहे. मुऱ्हाळी रिकाम्या हाताने जात नाही म्हणे. एक कंपनी वासाची वस्तू घेतच नाही. एक म्हणते काउंटरवरच्या माणसाने ठरवावं. पापलेटवाले नीट बांधून मोठ्या बॅगेत ठेवलं तर घेतात. आई म्हणते वीस किलो ने. मी म्हटलं, वजन होईल. "सुकलेल्या बोंबलाला कसलं वजन?" असं म्हणून तिने मला गप्प केलं.

तुझ्या दिवसांचंही तिचं नि विमानवाल्यांचं जमत नाही. ती उधाणांवर मोजते, पुनवेचं एक, अवसेचं एक. तिच्या मते तुझ्यापुढे अजून बराच समुद्र आहे. डॉक्टरबाईंच्या कार्डावर तिच्या मोजणीपेक्षा दोन आठवडे जास्त भरलेले आहेत. तिन्ही कंपन्यांना कार्डच चालतं. तू ते कार्ड आणि प्रवासाला हरकत नसल्याचा कागद दोन्ही हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.

आणि एक. नाव एकदा टाकलं की बदलत नाही. हे ऐकून आई म्हणाली, "देवू खलाशी आजारी पडला का त्याचा पोरगा बोटीवर येतो, वाटा घरातच जातो. तांडेल इचारतो का नाव?" मी म्हटलं, आई, तांडेल बोट चालवतो, हे विमान आहे.

तर मला वाटतं पापलेट. का, ते पुढच्या पत्रात. तू फक्त हो म्हण. इकडे सगळे तुझी वाट पाहत आहेत.

तुझी,
हेमी

◆

मुरबे,
५ जुलै, शनिवार

प्रिय मेघाताई,

तुझं उत्तर आलं. एका ओळीचं, पण आलं. "सगळ्यांत महाग तिकीट कशाला, आणि बाबा काय म्हणाले?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. गुरुवार दहा तारखेचं तिकीट काढलं आहे. मी एकटी जाणार, दुपारी एकच्या सुमाराला मुंबईहून विमान. शनिवारी बारा तारखेला आपण दोघी परत. जाताना मी खिडकीची जागा घेतली. येताना खिडकी तुला नको, तुला सारखं उठावं लागेल, म्हणून कडेची. पाय लांब करायला पुढची रांग मिळत होती, पण ती बाहेर पडायच्या दारापाशी आहे आणि तिथं गरोदर बाईला बसू देत नाहीत. व्हीलचेअर आधी सांगितली तर फुकट असते आणि सगळ्यांच्या आधी आत सोडतात. ती मी सांगून ठेवली आहे. चालता येतं मला, असं म्हणू नकोस. तो आपला हक्क आहे.

आईची पिशवी भरून झाली. ती मासळीच्या काट्यावर तोलली, तेव्हा बाबा पडवीत होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि सुतळी तोडायला चाकू शोधायला लागले. चाकू त्यांच्या कमरेलाच होता.

ताई, मी चार वेळा हे पत्र सुरू केलं. प्रत्येक वेळी व्हीलचेअरपर्यंत आले आणि थांबले. आता लिहिते.

महाग तिकीट मी बॅगेसाठी घेतलं नाही. खाण्यासाठीही नाही. ते शेवटच्या घटकेला रद्द करता येतं म्हणून घेतलं. कारण तिकीट काढलं तेव्हा बाबांना काहीच माहीत नव्हतं. सगळे तुझी वाट पाहत आहेत असं मी लिहिलं. ते आईपुरतं आणि माझ्यापुरतं खरं होतं.

तुझ्याबद्दल ते वाईट बोलत नाहीत. ते बोलतच नाहीत. तुम्ही पालघरला जाऊन लग्नाची नोंदणी केलीत त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलेलं नाही. आई मुद्दाम बोलता बोलता नाव काढते, तेव्हा ते उठून बोटीकडे जातात. फक्त एकदा, तुला दिवस गेल्याचं आईने सांगितलं तेव्हा, म्हणाले, "आपल्या पायाने गेली. यायचं तर आपल्या पायाने येल." ते त्यांचं शेवटचं वाक्य. आणि तुझं शेवटचं वाक्य, न्यायला आलं तर येईन. तुम्ही दोघं खाडीच्या दोन काठांवर उभे आणि मी मधे भाड्यांची तुलना करतेय.

तुझी ओळ वाचल्यावर मला झोप लागेना. तू त्या ओळीच्या शेवटी लिहिलेलं, "चोरून येणार नाही," ते मी आईलाही दाखवलं नाही. शेवटी काल बाबांकडे गेले.

ते शाकारलेल्या बोटीखाली बसले होते. बाहेर पाऊस, आत डांबराचा वास. मी बरंच पाठ करून गेले होते. मुलीचा माहेरावर हक्क असतो, लग्न कोणाशी करायचं हा तिचा अधिकार आहे, भावजी कष्टाळू आहेत, तिकडचे लोकही आपल्यासारखेच मासे खाणारे, सुकवणारे आहेत. ते सुई चालवत राहिले. मग म्हणाले, "पदवी मला शिकवायला घेतली का?"

मी म्हटलं, "बाबा, पंधरा तारखेनंतर डॉक्टर कागद देणार नाही. कागद नसला की विमानवाले घेणार नाहीत. मग ती आपल्या पायाने यायचं म्हणाली तरी येऊ शकणार नाही."

"विमानवाले कोण ठरवणार, माझी पोर कवा येल ते?"

ताई, त्यांनी 'माझी पोर' म्हटलं. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. सुई मात्र थांबली.

"कोण जातं आणायला?" त्यांनी विचारलं.

"मी. गुरुवारी."

"तुला कोण इचारणार तिथं? सासरची माणसं काय म्हणतील, मुऱ्हाळी म्हणून पोरगी धाडली?"

मी म्हटलं, "दुसरं आहे कोण?"

यावर त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि पावसात उतरून खाडीच्या बाजूला गेले. तासाभराने आले, जेवले, झोपले. ना हो म्हणाले, ना नको.

मी वाट पाहिली, की आज सकाळी काहीतरी बोलतील. सकाळी म्हणाले, चहात साखर कमी हाय.

तर हे असं आहे. मी चोरून काही केलेलं नाही, आता त्यांना सगळं माहीत आहे, दिवस आणि वेळेसकट. पण त्यांनी परवानगी दिली असं मी तुला खोटं लिहिणार नाही. गुरुवारी सकाळी ते दारात आडवे उभे राहिले तर मी तिकीट रद्द करीन आणि तुला फोन करीन. नाही उभे राहिले तर निघेन. त्याला तू काय म्हणशील? परवानगी की नुसता पाऊस थांबणं?

मला कॉलेजात वाटायचं, घरात एक माणूस शिकलं की घराचे सगळे अडलेले दरवाजे उघडतात. नियम वाचायचे, लोकांना सांगायचे, झालं. आता एका दरवाजापाशी मी उभी आहे आणि त्याचा नियम कुठल्या साइटवर नाही.

तू येशील ना? मी आले तर? फक्त मी आले तर?

लिहावंसं नाही वाटलं तर लिहू नकोस. नुसती निळी खूणही चालेल.

तुझी,
हेमांगी

◆

बोईसर, दुकानातून
१० जुलै, गुरुवार

मेघाताई,

नमस्कार, खुशाली सगळं मागाहून. आधी हे वाच. आज तुझ्याकडे मी येत नाही. बाबा येत आहेत.

हे लिहिते आहे तेव्हा ते विमानात बसले आहेत. समोरच्या पडद्यावर ते विमान एवढंसं दिसतंय, मुंबईपासून पुढे सरकलेलं. मी दर मिनिटाला बघते. हितेशभाई म्हणाले, बघितल्याने लवकर पोचत नाही.

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे ते समोर दिसले की तू गोंधळणार नाहीस.

मी सातला निघणार होते. सहाला उठले तर बाबांचं अंथरूण गुंडाळलेलं. आईची मासळीची पिशवी जागेवर नाही. दारामागच्या खिळ्याला माझं छापील तिकीट लावलं होतं, तेही नाही. मला वाटलं, संपलं. तिकीट खाडीत टाकलं आणि पिशवी कुणाला देऊन आले. मी आईवर ओरडले, "बाबा कुठे गेले?"

आई चुलीपाशी होती. शांतपणे म्हणाली, "कुठं ते मी इचारलं नाय."

"का नाही विचारलं?"

"निघाल्या माणसाला कुठं म्हणून इचारतात काय? पांढरा शर्ट घातला. मी च्या दिला. पिशवी उचलली नि गेले."

समुद्रावर निघालेल्याला कुठे चाललास हे विचारत नाहीत, हे मला माहीत आहे. पण ती काहीतरी समजून बसली होती, आणि तरी मला सांगत नव्हती. मला तिचा इतका राग आला की मी चहाही न घेता दुकानात आले. फोन लावत होते, बाबा उचलत नव्हते. दुकान उघडायचं होतं, हितेशभाई पायरीवर बसून होते. त्यांना सगळं सांगेपर्यंत बाबांचाच फोन आला.

"हेमे, इथला पोलीस आत सोडत नाय."

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"विमानाच्या दारात. तिकीट दाखवलं. म्हणतो, हेमांगी कोण? म्हटलं, माझी पोर. तिच्या बदली मी आलो. तर हसतो."

मी खाली बसले, ताई. तिथंच, पायरीवर.

"बाबा, विमानात बदली चालत नाही. ज्याचं नाव त्यानेच बसायचं."

"का? घर एकच हाय. पैसे भरलेत. एका घरातला एक गडी कमी, एक आला. सीट रिकामी नाय जात, यांचं काय बुडतं?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "हा कसला तांडेल हाय यांचा?"

मग फोन त्या शिपायाने घेतला. "मॅडम, आप बेटी हैं? पापा आधे घंटे से मुझे समझा रहे हैं कि नाव पर ऐसा ही चलता है। मैंने कुर्सी दे दी है, आप जल्दी कुछ कीजिए।" माणूस चांगला होता. त्याने त्यांना चहाही विचारला म्हणे, पण बाबांनी घेतला नाही, कामावर असताना ते घेत नाहीत.

तेव्हा दोन गोष्टी करता येत होत्या. एक, बाबांना तिथंच बसवून मी धावत गाठायचं आणि माझ्या तिकिटावर मीच जायचं. पाऊस होता, गाड्या रखडत होत्या, तरी कदाचित पोचले असते. ते पिशवी माझ्या हातात देऊन परत आले असते. दुसरी गोष्ट मी हितेशभाईंना सांगायच्या आधीच ते आत जाऊन खुर्चीवर बसले होते. "तुझं रद्द होतं ना? पापलेट आहे ना ते?" म्हणाले. आईसाठी ठेवलेली मासळीची नावं त्यांच्याही तोंडात बसली आहेत.

रद्द करायची मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता. विमानात एकही जागा शिल्लक दाखवत नव्हती. म्हणजे आधी माझी सोडायची आणि ती पुन्हा विकायला आली की बाबांच्या नावाने धरायची. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी धरली तर? हितेशभाई म्हणाले, "विचार कर. एकदा दाबलं की तुझं नाव गेलं."

मी दाबलं.

पडदा फिरत राहिला. मी नखं खात होते. जागा आली. त्या जागेचं भाडं आता वाढलेलं होतं, ते मी वाचलंही नाही. बाबांचं नाव, आधार कार्डाचा नंबर मला पाठ आहे, बंदरातल्या मासेमारीच्या परवान्याचे फॉर्म मीच भरते ना. कार्ड त्यांच्या खिशात होतंच, समुद्रावर जाताना ते लागतं म्हणून ते कधी काढून ठेवत नाहीत. हितेशभाईंनी कमिशन घेतलं नाही. घरचं तिकीट आहे, म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाईकावर उगाच खेकसले.

तीच जागा मिळाली, ताई. खिडकीची. मी निवडलेली.

तिकीट त्या शिपायाच्याच फोनवर पाठवलं, बाबांचा फोन साधा. त्याने त्यांना आत पोचवलं आणि काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, पहिल्यांदा चाललेत. पिशवी तोलली, तिने विचारलं आत काय. बाबा म्हणाले, "बोंबील. वास येत नाय, वर्षाचा हाय." तिने दुसऱ्या प्लास्टिकमध्ये बांधून घेतली. हे सगळं त्यांनी मला आतून फोन करून सांगितलं. आवाज जरासा वेगळाच होता, बोट पहिल्यांदा पाण्यात ढकलतात तेव्हाचा.

म्हणाले, "हेमे, तू सीट सोडली का?"

"हो."

"तुला जायचं होतं."

मी म्हटलं, "माझं विमान आहे कुठे पळून जात, बाबा. तुम्ही मला सांगितलं असतं तर आधीच तुमच्या नावाने काढलं असतं."

मागे तिथल्या बाईचा आवाज येत होता, कुठल्या रांगांनी आधी चढायचं ते सांगणारा. मी त्यांना म्हटलं, तुमची रांग पुकारली की जा, घाई नको, जागा कोणी घेत नाही. त्यावर म्हणाले, "चढू दे सगळ्यांना. मी शेवटी चढीन." त्यांना बोटीची सवय आहे. तांडेल शेवटी चढतो.

मग म्हणाले, "येताना तिला किती किलो सोडतात?"

"पंचवीस."

"नि मला?"

"तेवढेच."

"मग तिचं जड असंल ते माझ्यात टाकू."

एवढं बोलून फोन ठेवला. तुझं नाव नाही घेतलं. मला वाटत होतं घेतील, म्हणून मी फोन कानाला धरून बसले होते.

आता मला कळतंय, मी आठवडाभर त्यांच्याकडे परवानगी मागत होते आणि ते मनात ठरवत होते की मुऱ्हाळी कोण. पोरगी धाडली म्हणून तुझ्या सासरी कुणी बोलू नये, एवढंच त्यांना खुपत होतं. की हेही मी माझ्या बाजूने चांगलं वाचते आहे? कदाचित ते वाटेत बदलतील, उतरल्यावर उलट फिरतील. त्यांना ओडिया येत नाही, हिंदीही मोजकीच. पावसात विमान हलायला लागलं तर काय म्हणतील, कोणाला म्हणतील? मी मघापासून तीन गिऱ्हाईकांची तिकिटं चुकवली आणि दुरुस्त केली. माझं आज कशात लक्ष नाही.

तू भावजींबरोबर विमानतळावर ये. जमलं तर ये. दाराच्या बाहेर, जिथून माणसं निघतात तिथं उभी राहा, लांब नको, त्यांना चष्मा लागलाय तो ते घालत नाहीत. पांढरा शर्ट आहे, हातात सुतळीने बांधलेली पिशवी असेल. ते तुला चल म्हणणार नाहीत. माफ केलं वगैरे तर त्यांना म्हणताच येत नाही. ते तुझी बॅग हातात घेऊन तोलून पाहतील आणि जड आहे की हलकी ते सांगतील. ताई, तेच त्यांचं सगळं बोलणं आहे. त्यापुढे शब्दांची वाट पाहू नकोस. न्यायला कोणी आलं तर येईन म्हणाली होतीस. आता येतंय.

शनिवारच्या परतीच्या तिकिटांत तुझ्या नावाला मी हात लावलेला नाही. माझं होतं ते त्यांच्या नावाने काढलं. व्हीलचेअर सांगितलेली आहे, तिच्यात बस. त्यांना ढकलू दे.

पडद्यावर विमान आता अर्ध्याच्या पुढे गेलंय. पत्र इथंच थांबवून फोटो काढते, म्हणजे ते उतरायच्या आधी तुला मिळेल.

जिच्या बदली बाबा येत आहेत, ती तुझी
हेमी